माहेरचं नाव, सासरचं नाव

चुडाव्याच्या स्टेशनावर माझा मोठा दीर गाडीच्या एकेका खिडकीत तोंड घालून माझं नाव घेत येत होता.

"सुभद्रा! ए सुभद्रा!"

त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मोठ्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही आणि तिनं त्याच्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, असा त्या घरातला रिवाज. तो अंगणात आला की मी भिंतीकडं तोंड करायची. त्यामुळं त्याला माझा आवाज माहीत होता, चालणं माहीत होतं, तोंड धड माहीत नव्हतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्या मुसलमान बाईला सुचलं.

ती नांदेडहून बसून आली होती. बायकांच्या डब्यात चढले तशी तिनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "क्या नाम है बेटी?" मी म्हटलं, "चंद्रभागा." सुभद्रा का म्हटलं नाही ते मला आजही सांगता येणार नाही. चंद्रभागा हे माझं माहेरचं नाव. सासरी ते कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

हाक जवळ यायला लागली तशी मी बाकाच्या कोपऱ्यात सरकले. बाईनं पाहिलं.

"कौन है?"

"मोठा दीर."

"मारेगा?"

मी होय म्हणून मान हलवली. तिनं माझ्या मांडीवरची पोर उचलून आपल्या बुरख्यात घेतली आणि माझ्या डोक्यावरचा पदर ओढून खाली पाडला. "मुंडी खुली रख. खिडकी कू देख."

तो खिडकीत आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. "सुभद्रा नावाची बाई हाय का डब्यात? कडंवर पोरगी हाय."

"कैकू चिल्लारा रे बाबा? जनाना डब्बा है. इधर कोई सुभद्रा नैं. ये चंद्रा है, मेरे साथ की."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. उघड्या डोक्याची परकी बाई बघितल्यावर त्यानं नजर काढून घेतली आणि पुढच्या डब्याकडं गेला. गाडी हलली. तो दुसऱ्या कुठल्या डब्यात चढला की काय हे मला माहीत नव्हतं. पूर्णा आली, गाडी लय वेळ उभी राहिली. परभणी आली. मानवत रोड मागं पडेपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही.

पोर दीड वर्षाची होती. बुरख्यात ती रडली नाही. रडली असती तर हे लिहायला मी नसते.

हे मी बोरीकडच्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि गाव सोडून पुण्या-नाशकाला गेलेल्यांसाठी. गावच्या ग्रुपवर माझ्याबद्दल प्रत्येकानं वेगळं लिहिलं. कुणी म्हटलं पळून गेली, कुणी म्हटलं नदीला गेली, एकीनं तर भानामती झाली होती असंही लिहिलं. लिहिणाऱ्यांतल्या निम्म्या बायका तेव्हा जन्मलेल्या नव्हत्या. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

आम्ही दोघी जावा होतो. थोरली कौसल्या, धाकटी मी. माझं माहेर बोरीजवळचं, तिचं मानवताकडचं. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती आणि तोंडानं लय फटकळ. मला चिडवायची, "चंद्रे, तुझी भाकर बघून कुत्रं बी इचारात पडंल." त्या घरात चंद्रा म्हणणारी ती एकटीच. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं सुभद्रा लिहिलं, त्या दिवसापासून मी सगळ्यांची सुभद्रा झाले. कौसल्या म्हणायची, "मला बी दुसरंच नाव होतं. आपल्या दोघींच्या जुन्या नावाच्या दोन पोरी अजून माहेरी खेळत असतील बघ." तिचं ते नाव काय होतं हे मी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

त्या दुपारी आम्ही मळ्यात होतो. माझी वंदना लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. कौसल्याचा बालाजी, अडीच वर्षांचा, माझ्या कडेवर, कारण ती विहिरीचं पाणी शेंदत होती. दीर आला. दोघांचं काही बोलणं झालं. कशावरून ते ऐकू आलं नाही, मी गोठ्याच्या आडोशाला होते. ती काहीतरी म्हणाली आणि हसली. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं.

मी ओरडले नाही. लोक म्हणतील, का ओरडली नाहीस. मोठ्या दिरासमोर माझ्या तोंडातून चार वर्षांत शब्द निघाला नव्हता. तोंड उघडायचं असतं हेच विसरले होते. त्यानं मागं वळून पाहिलं. मी पदर ओढला. पदर ओढलेली बाई घरात एकच होती, तेवढं त्याला पुरे झालं.

पंचनाम्यात पाय घसरून असं लिहिलं.

तेराव्याला माझे आई-बाप आले. गोठ्यामागं नेऊन मी दोघांना सांगितलं. बाप म्हणाला, "कागदावर पाय घसरला म्हणून लिवलंय. तू कामून येगळं बोलायलीस?" आणि जाऊन पंगतीत बसला. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "घरी येऊ नको," म्हणाली. "पयलं तिथंच बघतील." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय बी बघितलं न्हाईस." तो वाईट माणूस नव्हता. भावाला भीत होता, एवढंच.

दीर मला काही बोलला नाही. बोलायची पद्धतच नव्हती. पण एका सकाळी मी ओट्यावर भांडी घासत होते, वंदना शेजारी बसली होती. तो येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या गालाला बोट लावलं आणि तिलाच म्हणाला, "पोरी, तुझ्या मायला सांग, औंदा विहिरीला पाणी लय हाय."

त्याच्या चौथ्या दिवशी वंदनाला कडेवर आणि मळ्यात भाकरी घेऊन निघाले ती मळ्याची वाट सोडून चुडाव्याला गेले. बालाजी दारात उभा होता. "काकू, मी येऊ?" म्हणाला. मी "येते रे" म्हटलं आणि चालायला लागले.

मनमाडला गाडीतल्या त्या बाईचा लेक रेल्वेत होता. तिनं मला दोन महिने ठेवून घेतलं. मी तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. पुढं तिनंच ओळखीनं नाशकात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लावलं. तिथं मी एकोणतीस वर्षं पोळ्या लाटल्या. पहिल्या वर्षी पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या. मी "काय करायलीस?" म्हटलं की "करायलीस, करायलीस" करत फिरायच्या. मग मी "काय करतेस" शिकले. भाकरीचं पीठ बदललं, चहा बदलला, बोलणं बदललं. लोकांना वाटतं गावची आठवण येऊन रडले असेन. नाही. मला गावची भीतीच वाटायची. परभणीकडचं कुणी बोलताना ऐकलं की मी बाजारातली पिशवी तिथंच ठेवून निघून यायची.

नाशकात मी चंद्रभागा झाले. सगळ्या कागदांवर चंद्रभागा, पुढं बापाचं नाव मारोती. वंदनाला शाळेत घातली तेव्हा गुरुजींनी तिच्या वडिलांचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव सांगायची भीती वाटली, दुसरं काही सुचेना, मारोतीच सांगून टाकलं. तिला सांगितलं, तुझे वडील वारले, त्यांच्याकडचं कुणी नाही. पुढं मोठी झाल्यावर तिनं विचारलं, "आई, तुझ्या आणि माझ्या वडिलांचं नाव एकच कसं?" मी म्हटलं, "आमच्याकडं घरटी एक मारोती असतो." ते खोटंही नाही. तिचा विश्वास बसला. पन्नास वर्षं मी एकच गोष्ट सांभाळली: मी जिवंत आहे हे त्या घराला कळता कामा नये.

मग वंदनाच्या मुलाचं लग्न ठरलं.

मुलीकडच्यांनी विचारलं, मुलाचं आजोळ कुठलं, आजोळचं देवक काय, मूळ गाव कुठलं. नवऱ्याकडचं वंदनाला सांगता आलं, माहेरचं एकाचंही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फोन घेऊन बसायला लागली. वंशावळीचं एक अ‍ॅप असतं, त्यात माणसांची झाडं काढतात. प्रत्येकाच्या नावाचा चौकोन, त्याला रेघा. तिनं माझा चौकोन भरला, मग आपला. दोघींच्या बापाचं नाव मारोती. फोननं आम्हाला सख्ख्या बहिणी करून टाकलं.

वंदना हसली. "आई, बघ, मी तुझी धाकटी बहीण!" मीही हसले. मला वाटलं, यंत्रालाही फसवलं. तिथंच माझं चुकलं. बहिणी काढून मायलेकी करायला ती चौकोन परत भरत बसली. मी खाली मेथी निवडत होते.

"माहेरचं नाव चंद्रभागा. आणि लग्नानंतरचं? तुमच्याकडं नाव बदलत होते ना?"

"सुभद्रा," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. कागदावर, रेशनला, दवाखान्यात, कुठंही मी ते नाव दिलं नव्हतं. देवासमोरही घेतलं नव्हतं. त्या दोन नावांच्या मधल्या फटीतून मी निसटले होते, आणि माझ्याच लेकीनं ती दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहिली.

"ते खोड," मी म्हटलं.

"का गं?"

"खोड म्हटलं ना!"

तिनं मला दाखवून खोडलं. पण त्याआधी ती दोन्ही नावं आणि माझा वसतिगृहातला जुना फोटो बोरीच्या फेसबुक ग्रुपवर टाकून बसली होती. 'या बाईंच्या माहेरचं किंवा सासरचं कुणी ओळखतं का?' हे तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही खुशीत. बोरीचं नाव एकदा तापात माझ्याच तोंडून गेलेलं तिनं लक्षात ठेवलं होतं.

"आई, उत्तर आलं!"

तिनं वाचून दाखवलं. 'चंद्रभागा म्हणजे सुभद्रा का? चुडाव्याकडं दिलेली? ती माझी काकू आहे. कृपया फोन करा. मी तीन वर्षं शोधतोय. बालाजी.'

मी भिंत धरून खाली बसले. तीन वर्षं शोधतोय. कुणासाठी शोधतोय? त्याच्यामागं कोण उभं आहे? दीर जिवंत असला तर पंच्याऐंशीचा असेल, हे डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. माझ्या पोटात तो अजून तेवढाच होता, घामेजल्या सदऱ्यातला.

"पुसून टाक."

"पुसलं तरी लोकांनी स्क्रीनशॉट काढलेले असतात, आई. अगं पण झालं काय?"

मी सांगितलं. विहीर, स्टेशन, सगळं. वंदना एक्कावन्न वर्षांची बाई आहे, शाळेत क्लार्क आहे, दोन पोरं वाढवली. ती ऐकत राहिली, आणि तिनं विहिरीबद्दल विचारलं नाही.

"म्हणजे मला वडील होते?"

"होते."

"जिवंत?"

"आपण निघालो तेव्हा होते. आता माहीत नाही."

ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट आणून ठेवायची आणि जायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्या फेसबुकवरच्या फोटोंत आपल्या बिल्डिंगची पाटी दिसते का ते बघितलं. साखरपुड्याच्या फोटोत दिसतेय. काढला तो." तेव्हा मला कळलं की आता तीही भ्यायली आहे. त्यानं मला बरं वाटलं नाही. उलट जास्त भीती वाटली. इतकी वर्षं निदान घरात एक माणूस न भिणारं होतं.

बालाजीचे मेसेज येत राहिले. 'काकू सुखरूप आहेत का तेवढं सांगा.' 'मी काही मागत नाही.' 'मला फक्त एक विचारायचंय.' वंदना म्हणाली, माणूस चांगला वाटतो. मी म्हटलं, ओट्यावर बसलेल्या पोरीच्या गालाला बोट लावणाराही बघणाऱ्याला चांगलाच वाटला असता.

बेल वाजली की मी मोरीत जाऊन कडी लावायची. दूधवाला, गॅसवाला, कुणीही असो. पूर्वी मला तिकडून निघून मनमाडला अडकावं लागलं होतं. आता पूर्णेहून नाशकाला थेट गाड्या येतात. त्यांच्या वेळा मी वंदनाच्या फोनवर बघून पाठ केल्या. गाडी यायची वेळ झाली की पुढचा तासभर मी खिडकीशी उभी राहायची. फोनवर बालाजीच्या नावाखाली 'ऑनलाइन' उमटलं की मला वाटायचं तो जिन्यावर उभा आहे. मी वंदनाला विचारायची, "आपण त्याला बघतोय हे त्याला दिसतं का?" ती म्हणायची, "आपण ऑनलाइन असलो तर दिसतं." मग मी म्हणायची, "मग ठेव तो खाली."

असे तीन आठवडे गेले. वंदनाचा मुलगा लग्न पुढं ढकलू म्हणायला लागला. मुलीकडच्यांनी विचारलं, तुम्ही घरात काय लपवताय? तेव्हा मी म्हटलं, लाव फोन. तोंड दिसणारा लाव. समोर कोण आहे ते मला बघायचंय.

सकाळी दहाला लावला. समोर टक्कल पडलेला, चष्म्याचा माणूस. पत्र्याची खोली, मागं कूलर. मी त्याच्या तोंडात दिराचं तोंड शोधत होते. मिळालं ते कौसल्याचं. कान तसेच, बाहेर आलेले. तिचा पदर कानामागं राहायचा नाही म्हणून ती सारखी वैतागायची.

"काकू?"

"हं."

"मी बालाजी. वळखलं का?"

"कानावरून ओळखलं."

तो हसला आणि हसता हसता त्याचा चष्मा धुरकटला. तो चष्मा पुसत बोलत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, दोन मुलं आहेत. माझा नवरा दहा वर्षांपूर्वी लकव्यानं वारला, त्यानं दुसरं लग्न केलं होतं. वंदना शेजारून सगळं ऐकत होती. तिच्या वडिलांची बातमी अशी एका वाक्यात संपली.

"मला कामून शोधायलास?" मी म्हटलं. माझं बोलणं आपोआप तिकडं गेलं होतं. "माझ्यावाचून काय अडलं होतं तुझं?"

"मायचा एक बी फोटू न्हाई, काकू. मी वंशावळ काढाया घेतली तर मायच्या चौकोनात टाकाया काही न्हाई. माहेरचं नाव सुदिक कुणाला सांगता येईना. मानवताला गेलो, तिकडं कुणी राह्यलं न्हाई. मग गावातल्या एका म्हातारीनं सांगितलं, कौसल्या गेली तवा तुझी काकू मळ्यात होती. बोरीला तुमच्या भावाकडं गेलो. त्यांनी तुमचं पयलं नाव सांगितलं. तवापासून दोन्ही नावं टाकून शोधायलोय."

मी म्हटलं, "घरात अजून कोण हाय?"

मला हेच विचारायचं होतं. बाकी सगळं बोलणं त्यासाठीच.

"आबा हायत की!" तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत उठला. खोली हलली. कूलर गेला, दार गेलं, उंबरा गेला. "आबा, बघा तरी कोण हाय! सुभद्रा काकू!"

बाजेवर एक वाळका म्हातारा. टोपी, पांढरी दाढी. बालाजीनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. माझी बोटं आपसूक पदराकडं गेली. पन्नास वर्षांनी, नाशकात, दुसऱ्या मजल्यावर, माझा हात पदर ओढायला उठला. माझं लुगडं ओलं झाल्याचं मला कळलं. लाज वाटायलाही वेळ नव्हता.

मी पदर ओढला नाही. डोक्यावर होता तोही काढला.

म्हातारा फोनकडं बघत राहिला. त्यानं हे तोंड एकदाच पाहिलं होतं, खिडकीतून. ते त्याला आठवलं तशी त्यानं नजर काढून घेतली.

"ही न्हाई," तो म्हणाला. "बंद कर."

"मीच हाय," मी म्हटलं. चार वर्षं एका घरात राहून आणि पन्नास वर्षं भिऊन मी त्या माणसाशी बोललेलं हे पहिलं. "बालाजी, फोन घेऊन भायेर जा. लिंबाखाली, कुठं बी. एकटा."

तो गेला. मी सांगितलं. हळुवार करून सांगायला मला येत नाही. दोन्ही हातांनी ढकललं, असंच सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर फोनमध्ये नुसती लिंबाची पानं दिसत होती. त्यानं हात खाली सोडला होता.

तिकडून आवाज आला. "मी कुठं होतो तवा?"

"माझ्या कडंवर."

"मी बघितलं?"

"तुझं तोंड तिकडंच होतं."

परत पानं. मग तो म्हणाला, "मग मला कामून न्हेलं न्हाई?"

हे मला माहीत होतं. दिराला मी भीत होतेच, पण पन्नास वर्षं मी खरी भ्याले ती या प्रश्नाला. तीन आठवडे मोरीत कडी लावून मी यासाठीच बसत होते, हे तेव्हा कळलं. वंदना माझ्याकडं बघत होती. तिलाही ऐकायचं होतं.

"दोन पोरं घेऊन पळता येत नव्हतं," मी म्हटलं. "तू त्याचा पोरगा. तुला त्यानं काही केलं नसतं. हिला केलं असतं. मी बसून इचार केला आणि तुला ठेवलं. तू इचारलं होतंस, काकू मी येऊ का. मी येते म्हटलं. खोटं बोलले."

त्यानं फोन ठेवला.

अकरा दिवस काही आलं नाही. मी वंदनाला सारखी विचारायची, ऑनलाइन आहे का. आता नाव उमटलं नाही की भीती वाटायची. त्याला काही झालं असेल, त्यानं काही केलं असेल. मी त्याच्या आईचं मरण त्याच्या हातात दिलं होतं आणि घरात बाप बाजेवर होता. खरं सांगून मी चांगलं केलं असं मला अजूनही म्हणवत नाही. तो विचारत होता, म्हणून सांगितलं.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. नुसता आवाजाचा.

"काकू, म्या त्यास्नी इचारलं."

"काय म्हणले?"

"काय बी न्हाई. भिताडाकडं तोंड केलं."

"मग?"

"जेवाया घालायलोय. दोन येळेला. बोलणं बंद केलं." आणि मग, "माय कशी दिसायची ते सांगा. आता घाई न्हाई. रोज थोडं सांगा."

तेव्हापासून रोज दुपारी फोन येतो. मी सांगते, तो लिहून घेतो. ती डावरी होती. तिला आंबट आवडायचं. माझ्या भाकरीला नावं ठेवायची. कुत्र्याचं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या बायकोनं येऊन काय झालं म्हणून विचारलं. वंदनाच्या मुलाचं लग्न झालं. बालाजी आला होता. कानपिळीला नवरीच्या भावानं वंदनाच्या मुलाचा कान पिळायचा, तर वंदनाचा भाऊ म्हणून यानंच पुढं होऊन चुकून नवरीच्या भावाचा कान पिळला, आणि मांडवात सगळ्यांनी त्याला फैलावर घेतलं. मास्तर आहे, सवयच ती.

ग्रुपवर एका मुलीनं विचारलं आहे, आजी, आता तुमचं घर कुठलं मानता? बोरीला भाऊ आहे, तो 'ये' म्हणतो. माय गेली तेव्हा मला कळलंही नाही, आता जाऊन कुणाला भेटू? सासरचं गाव मी पदराखालून पाहिलं. तिथले उंबरे आठवतात, माणसांचे पाय आठवतात, वर काय होतं ते माहीत नाही. नाशकात या दोन खोल्या आहेत. इथं मी कुणाच्या येण्यानं भिंतीकडं तोंड करत नाही. पण बेल वाजली की आजही आधी मोरीकडं पाऊल जातं, मग दाराकडं. घर म्हणून मला एवढंच मिळालं आणि ते मी घेतलं.

खालाला शोधायला मात्र मी वंदनाला सांगितलं आहे. मनमाडचे दोन-तीन ग्रुप तिनं पालथे घातले. मिळाली नाही. अ‍ॅपमध्ये तिला कुठल्या रेघेनं जोडायचं ते वंदनाला समजेना. मी म्हटलं, जोडू नकोस, नुसतं शोध. मला तिचं नावच माहीत नाही. तिनं माझं विचारलं होतं, मी तिचं विचारलं नाही.

कोण खरं सांगतं, कोण खोटं, हे ग्रुपवर चालूच राहील. मी पाहिलं ते लिहिलं. त्या दुपारी मळ्यात आम्ही पाच जण होतो. विहिरीपाशी कौसल्या आणि तिचा नवरा. गोठ्याच्या आडोशाला मी, माझ्या कडेवर बालाजी. झोळीत वंदना. कौसल्या चोवीस वर्षांची होती, ती मेली. बाकीचे चौघं अजून जिवंत आहोत.